चंद्रकलाबाईंचे आभार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सांगायला लागले की मध्ये थांबवलेलं मला चालत नाही. आणि चहा आधी पिऊन टाका. या किश्श्यात दुधाचा संबंध आहे, नंतर तो तुमच्या घशाखाली उतरेल याची मी खात्री देत नाही.

साल दोन हजार सहा. मी बावन्न वर्षांची. घर मारुंजीत, आणि जवळच्याच एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायची. शाळेचं नाव सांगत नाही, अजून तिथले लोक मला बाजारात भेटतात. माझे यजमान शेती करायचे. शेती म्हणजे तरी काय, अर्धी विकून झाली होती आणि उरलेल्या अर्धीच्या कडेने खोल्या बांधून त्या हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलामुलींना भाड्याने दिल्या होत्या. गोठ्यात एकच म्हैस उरली होती. कपाळावर पांढरी कोर, म्हणून तिचं नाव चंद्रकला.

आता माझ्या स्मरणशक्तीविषयी. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मी करते, कारण दुसरं कुणी करत नाही. साठ पोरांची हजेरी मी हजेरीपुस्तक न उघडता घ्यायची. आणि शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे. तुम्हाला वाटेल आभार मानण्यात काय मोठंसं? गावात राहून बघा जरा. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, पोलीस पाटील, डेअरीचे चेअरमन, मांडववाला, स्पीकरवाला. एक नाव सुटलं की तो माणूस वर्षभर शाळेच्या रस्त्याने जात नाही. नावं मागेपुढे झाली तर दोघं जात नाहीत. एवढी नावं मी हातात कागद न घेता घ्यायची. वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

आणि मग माझी पाळी बंद झाली.

आज बघा कशी बिनदिक्कत सांगतेय. तेव्हा मात्र हा शब्द उच्चारायची मला लाज वाटायची, आणि पुढचा सगळा घोळ त्या लाजेनेच केला. घाम फुटणं, झोप उडणं हे तर होतंच, पण डोक्यातल्या गोष्टी हळूच निघून जायला लागल्या. साडीला इस्त्री केली, घडी घातली आणि परत बादलीत भिजवली. पाण्याची मोटर चालू करून विसरले, वरच्या भाडेकरूंच्या चपला जिन्यावरून वाहत खाली आल्या. एकदा वर्गात प्रश्न विचारला, पोराने उत्तर दिलं, आणि ते बरोबर की चूक हेच मला आठवेना. "बस, आता पुढच्याने सांग," असं म्हणत मी अख्खी रांग उभी केली. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं म्हणून ते बरोबर असावं असं ठरवून मी धडा पुढे नेला.

तुम्ही हसताय, पण मला भीती वाटत होती. खरी भीती. माझी आई शेवटची चार वर्षं मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची. पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, या वयात असं होतं पुष्कळजणींना. चाला, झोपा, काळजी करू नका." काळजी करू नका म्हटल्यावर तर मी जास्तच करायला लागले.

त्यात आमचे मुख्याध्यापक गायकवाड सर निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेने त्यांच्या खुर्चीवर नंबर माझा. पण माझ्या पाठोपाठ गणिताचे ढमाले सर उभे होते, आणि ते सारखे गोड आवाजात विचारायचे, "बाई, हल्ली तब्येत बरी नाही का? परवा तुम्ही माझ्या वर्गावर येऊन इतिहास शिकवून गेलात." संस्थेचे अध्यक्ष तात्या हे ऐकून नुसती मिशी कुरवाळायचे. दोन महिन्यांनी गायकवाड सरांचा निरोप समारंभ होता. एकतीस जणांचे आभार मानायचे होते. तिथे मी कागद काढला असता, तर खुर्ची गेलीच होती.

माझ्या या अडचणीवर उपाय आणला वैशालीने. वैशाली आमची भाडेकरू, अकोल्याची, कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची. एका रविवारी पुण्यातून येताना माझ्यासाठी भला मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली.

"काकू, सोयाबीन, ब्राह्मी आणि जवस आहे यात. शुद्ध वनस्पतींची पावडर. रोज दोन चमचे दुधातून घ्या. पण मी नेटवर वाचलं, काहीजण म्हणतात फायदा होतो, काहीजण म्हणतात काहीच होत नाही."

यातलं फायदा होतो एवढंच माझ्या कानात शिरलं. डब्यावर पांढऱ्या केसांच्या एका बाईचा हसरा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाळी बंद झालेल्या स्त्रियांसाठी'. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी दुधाला सहा भाडेकरू यायचे. त्यांच्यासमोर हा डबा फळीवर ठेवू? शक्यच नव्हतं.

म्हणून मी ती पावडर एका स्टीलच्या डब्यात ओतली आणि फोटोवाल्या बाईला चुलीत घातलं. आता हा स्टीलचा डबा नीट लक्षात ठेवा, मी ठेवला नाही म्हणून सांगतेय. माझ्या लग्नात मामांनी आहेरात डब्यांची जोडी दिली होती. अगदी सारखे दोन डबे, आणि दोन्हींवर मामांचं नाव घातलेलं. त्यातल्या एका डब्यात आमचे हे चंद्रकलेचं दूध वाढायचं चूर्ण ठेवायचे. गोठ्यात उंदीर म्हणून तो डबा माझ्या फळीवर असायचा. मी विचार केला, म्हशीच्या डब्याकडे कोण ढुंकून बघतं? त्याच्या शेजारीच आपला डबा ठेवला की कुणाला संशय यायचा नाही. खूण म्हणून एका डब्याला पोचा होता, तेवढं लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीसमोर उभी. पोचा होता हे पक्कं आठवत होतं. पण तो माझ्या डब्याला होता की म्हशीच्या?

वैशालीला विचारायचं तर ती कामावर गेलेली. ह्यांना विचारायचं तर पाळीपासून सगळं सांगावं लागणार. मग मी तर्क लढवला. मी एक शिक्षिका. मी स्वतःसाठी पोचा आलेला डबा कशाला घेईन? घेतला धडधाकट डबा, टाकले दोन चमचे दुधात आणि डोळे मिटून प्यायले. कडू, खारट, आणि मागून मेथीचा असा भपका की बोलायची सोय नाही. पण कडू म्हणजे गुणकारी, हे लहानपणापासून मनात बसलेलं. मी तोंड न वाकडं करता दुसरा घोट घेतला.

आमच्या ह्यांनी हे सगळं दारातून पाहिलं. त्यांना वाटलं, हिने डबे बदलले असतील, चांगला डबा घरात घेतला आणि पोच्याचा म्हशीला दिला. बायकांच्या डब्यांत पुरुषांनी लुडबुड करू नये अशी शिस्त मीच त्यांना लावली होती. ते मुकाट्याने पोच्याचा डबा घेऊन गोठ्यात गेले.

आणि गंमत ऐका. मला गुण आला.

पंधरा दिवसांत माझी हजेरी परत तोंडपाठ झाली. महिन्याभरात तर मला अशा अशा गोष्टी आठवायला लागल्या की ह्यांचं जगणं मुश्कील झालं. आमच्या साखरपुड्यात जिलबी कुणी कमी वाढली, एकोणऐंशी साली हे माझ्या भावाला काय बोलले, सगळं लख्ख.

"अगं, तुजं ते औषध बंद कर," हे काकुळतीला येऊन म्हणाले. "आदी तू मोटर इसरत होतीस, ते लई बरं हुतं."

वैशालीने एकदा विचारलं, "काकू, वेलचीचा स्वाद आवडला का?"

"वेलची? तुमच्या पिढीला वेलची कशी लागते तेच माहीत नाही," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी मी कसली? स्टाफरूममध्ये मी वनस्पतींचे गुण यावर व्याख्यानं द्यायला लागले. माझ्याच वयाच्या दोघी शिक्षिका होत्या, त्यांना वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून दिल्या. एकीने तोंडाला रुमाल लावून विचारलं, "बाई, याला गोठ्यासारखा वास का येतो?"

"निसर्गाचा वास आहे तो. तुम्ही निसर्गापासून लांब गेलात म्हणून तो ओळखू येत नाही," मी सांगितलं. तिने माझ्यासमोर चमचाभर खाल्लं.

इकडे गोठ्यात मात्र तक्रार सुरू झाली होती. चंद्रकलेचं दूध वाढायचं सोडून कमी व्हायला लागलं. जनावरांच्या औषधाच्या दुकानदाराने ह्यांना सांगितलं, माप वाढवा. ह्यांनी दुप्पट केलं. दूध काही वाढलं नाही, पण म्हैस विचारी दिसायला लागली. टक लावून बघायची. मी गोठ्यात गेले की अशी मान तिरकी करायची, जणू माझ्याकडे काहीतरी मागायचं राहून गेलंय.

निरोप समारंभ शनिवारी दुपारी चारला होता. त्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी एकतीस नावं घोकत होते. तेवढ्यात मागच्या गृहसोसायटीचा वॉचमन धापा टाकत आला.

"अंकल, आपकी भैंस स्विमिंग पूल में है."

"कुणाची?" हे म्हणाले.

"आपकी. मैंने गेट पर रोका था. लेकिन उसको रास्ता मालूम था."

आम्ही धावलो. त्या सोसायटीच्या जागी चार वर्षांपूर्वीपर्यंत गावाचं तळं होतं. दुपारी सगळ्या म्हशी तिथे डुंबायच्या. बिल्डरने ते बुजवलं, इमारती उभ्या केल्या, आणि तळ्याच्या जागी निळ्या फरशीचा तलाव बांधला. चंद्रकला तेव्हापासून तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. आणि आज दावं तोडून, दोन रस्ते ओलांडून, पार्किंगमधून वळून ती नेमकी त्याच जागी जाऊन बसली होती. फक्त डोकं वर. सगळ्या बाल्कन्यांमधून लोक चहाचे कप घेऊन बघत होते. वैशालीसुद्धा आमच्या मागे पळत आली होती.

"चार वर्सांनी हिला तळं कसं काय आठवलं?" हे पाण्याच्या कडेला उभे राहून म्हणाले. "मी हिला खायला तरी काय घालतुया?"

तिला बाहेर काढायला दीड तास लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तलाव कोण साफ करणार असं चारदा विचारलं. घरी आल्यावर हे तडक फळीकडे गेले, पोच्याचा डबा काढला आणि माझ्या नाकासमोर उघडला.

"वास घे. मसाल्याच्या दुधावानी वास येतुया. हे दुकानदारानं दिल्यालं न्हवं."

वैशालीने वाकून वास घेतला. "काकू, ही तर तुमची पावडर. वेलची."

मी धडधाकट डबा उघडला. मेथी, मीठ आणि गोठा. वैशालीने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून बाहेर गेली.

म्हणजे हिशेब लक्षात येतोय का तुमच्या? दोन महिने माझं औषध म्हशीने खाल्लं. ते खाऊन तिने जे दूध दिलं, त्यात तिचं औषध घालून मी प्यायले. वर तेच दोघी सहकाऱ्यांना खाऊ घातलं.

हे डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तरी बरं, माप तुजं न्हाई वाढवलं."

मला हसू आलं नाही. कारण इतके दिवस मला जे आठवत होतं ते कशाच्या जोरावर? मला वाटत होतं औषधाच्या. आता औषधच नव्हतं. चार वाजता तात्यांसमोर, ढमाले सरांसमोर मी कशाच्या भरवशावर उभी राहणार होते? मी परत नावं म्हणायला घेतली. सरपंच, माजी सरपंच... आणि पुढे निळं पाणी आणि त्यात एक शांत काळं डोकं. दुसरं काही दिसेचना.

सभा भरली. हारतुरे झाले, भाषणं झाली, गायकवाड सरांचे डोळे पाणावले. मग माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेले. कागद घेतला नव्हता. पदराखाली हात धरून अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची ही माझी जुनी युक्ती. एका पेराला एक नाव, हाताची बारा संपली की परत पहिल्यापासून, एकतीस पेरं भरली की आपण सुटलो.

सुरुवात झाली आणि काय सांगू, नावं यायला लागली. सरपंच आले, माजी सरपंच त्यांच्या मागे आले, पोलीस पाटील आले. विसाव्या पेरापर्यंत मी गाडी कुठे अडखळू दिली नाही. मांडववाला, स्पीकरवाला, पेढे आणणारा. मला धीर आला. आवाज चढला. एकतिसावं पेर राहिलं होतं, सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं. मी छाती भरून श्वास घेतला.

"आणि सरतेशेवटी, ज्यांच्याशिवाय आजचा हा दिवस उगवलाच नसता, त्या आदरणीय चंद्रकलाबाईंचे मी मनापासून आभार मानते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गावाची रीत आहे, शेवटच्या नावाला टाळ्या जास्त. मागच्या रांगेत आमचे हे खुर्चीवरून अर्धे उठले आणि परत बसले. मला वाटलं त्यांना अभिमान वाटतोय. एकतीस पेरं बरोबर भरली होती, म्हणून मी विजयी मुद्रेने खाली आले.

गायकवाड सर शाल सावरत माझ्याजवळ आले. "बाई, छान झालं. एकही नाव राहिलं नाही. माझं तेवढं राहिलं."

ज्यांचा निरोप समारंभ, त्यांचंच नाव मी घेतलं नव्हतं.

"आणि या चंद्रकलाबाई कोण?" ढमाले सर गोड आवाजात म्हणाले. "पाहिल्या नाहीत कधी."

तात्यांनीही मिशीवरचा हात काढला. "व्हय, कोन त्या? आमच्याबी वळकीच्या न्हाईत."

तेव्हाच खरं बोलले असते तर? पण खुर्ची समोर दिसत होती. मी म्हटलं, "देणगीदार आहेत, तात्या. स्टाफरूमच्या चहाला दूध त्यांच्याकडूनच येतं." आणि हे अगदी खरं होतं बरं का, ते दूध मीच रोज किटलीतून नेत होते.

"किती वर्सं?"

"पाच तरी झाली."

"आन एक पैसा घेत न्हाईत?"

"कधी मागितला नाही."

तात्या भारावून गेले. "ढमाले, बगा. अशी मानसं हायेत अजून. आन आपन त्यांना साधं बोलावलं न्हाई. बाई, सोमवारी घिऊन या त्यांना. शाल, नारळ देऊन सत्कार करू. खुर्चीचं पत्रबी तवाच ठरवू."

रविवारचा दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. एकदा वाटलं, सांगावं की बाई गावाला गेल्यात. एकदा वाटलं, वारल्या म्हणून सांगावं. मग तात्या शोकसभा घेतील, आणि तिथे बोलायला मलाच उभं करतील. आमचे हे दूध काढताना म्हशीशी बोलत होते, "चंद्रकले, सत्कार हाय तुजा. न्हाऊन तर झालंया, आता शिंगं रंगवू." त्यांना सगळ्याची मजाच वाटत होती.

सोमवारी मी एकटीच ऑफिसात गेले. टेबलावर घडी घातलेली शाल, नारळ, हार. तात्या बसलेले, शेजारी ढमाले सर.

"पाहुण्या कुटं हायेत?"

आणि मी सांगितलं. सगळं. पाळीपासून सुरुवात केली, कारण तिथून सांगितल्याशिवाय ते पटण्यासारखं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द दोन पुरुषांसमोर उच्चारला. ढमाले सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग मामांचे डबे, पोचा, पुड्या, तलाव, एकतिसावं पेर. शेवटी म्हटलं, "तात्या, चूक झाली. आईसारखं होईल म्हणून मी घाबरले होते. ही खुर्ची तुम्हाला ज्याला द्यायची त्याला द्या."

तात्यांनी नारळ हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

"म्हंजे परवा तुमी सभेत तीस नावं घेतली, ती औषध न खाताच?"

"हो."

"आन जिनं औषध खाल्लं, ती चार वर्सांपूर्वीचं तळं हुडकून काढती?"

"हो."

तात्यांनी शाल उचलली आणि माझ्यासमोर सरकवली. "ढमाले, सेवा बाईंची जास्त, त्यामुळं नियमानं खुर्ची त्यांचीच. पन नुसत्या हुशारीवर ठरवायचं असतं, तर म्हशीचा अर्ज आदी बगावा लागला असता."

पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. पाकीट फोडून मी आधी नाव वाचलं, तीनदा वाचलं. माझंच होतं.